बिनआरशाचा

पांढरा रंग करता करता एकोणीस वर्षं गेली माझी
शारजात, तेरा नंबरच्या इंडस्ट्रियल एरियात,
आणि पांढरा म्हणजे काय ते कळलं परवा.

विद्यापीठातल्या डॉक्टर नुहा आल्या होत्या.
दोनशे ग्रॅम टायटॅनियम द्या, म्हणाल्या,
रंग नको, नुसती भुकटी.
मी गेटपास फाडता फाडता विचारलं, कुठली भिंत?
"भिंत नाही, लेसर. या बघायला."

शशीधरन, हसू नकोस. चहा ओत आणि ऐक.

लेसर म्हटला की दोन आरसे, समोरासमोर,
आणि मध्ये जागं केलेलं द्रव्य.
जागं म्हणजे, बाहेरून ताकद देऊन
एकेका रेणूला वरच्या पायरीवर बसवलेलं,
नुसता धक्का लागायचा अवकाश.
प्रकाशाचा कण शेजारून जातो,
रेणू पायरी सोडतो,
सोडताना जुळा कण देतो:
तोच रंग, तीच दिशा, पावलाला पाऊल.
दोनाचे चार, चाराचे आठ.
आरसे त्यांना माघारी धाडतात, पुन्हा, पुन्हा,
मग एक आरसा जराशी वाट देतो.
झाली सरळ रेघ.

एवढं मलाही ठाऊक होतं, मोडकंतोडकं.
पण बाईंच्या टेबलावर आरसाच नव्हता.

बोटभर काचेची कुपी,
आत स्पिरिटमध्ये विरघळलेला गुलाबी डाय.
हिरव्या प्रकाशाचा एक झटका दिला
तर कुपी नारिंगी उजळली, फिकट,
आणि संगणकावर उमटली बसकी टेकडी.
मग आमची भुकटी. नखभर.
गुलाबी दूध झालं.
पुन्हा तोच झटका.
टेकडी खचली. तिच्या जागी सुई.

मी म्हटलं, भुकटी तर वाट अडवते!
"अडवत नाही," त्या म्हणाल्या. "वळवते."

आता रोला आठव, शशी, सुट्टीच्या संध्याकाळचा.
बसस्टँडकडून पार्क सरळ ओलांडलास
तर कोण भेटेल? एखादा, फार तर दोघे.
पण दर चार पावलांना कुणाचा खांदा लागला,
डावीकडे वळलास, मग मागे, मग भलतीकडेच,
तर वडकराचा तो न्हावी भेटेल, दोघे कुडाळचे,
पैसे बुडवून पळालेला हमजासुद्धा.
आणि समज, भेटला तो प्रत्येक जण
तुझ्याच चालीने तुझ्यासोबत निघाला.
काही कडेने गळतील, रस्त्याला लागतील.
पण गळतात त्याहून मिळतात जास्त
अशी वेळ येते. तिला उंबरठा म्हणायचं.
तो ओलांडला की कुपी पेटते.

बाण मात्र सुटत नाही. उजेड चहूकडे फुटतो.
कुपी हलवली की कण नव्या जागी, वाटा नव्या,
कधी एका सुईच्या जागी पाचसहा,
आणि कुठे उगवतील ते बाईंनाही सांगता येत नाही.

उपयोग काय, हे तू विचारणारच.
साध्या लेसरच्या उजेडात काही न्याहाळलं
तर चित्रावर वाळू उडवल्यासारखे ठिपके येतात.
इथे इतक्या चाली एकदम, की
एकीचे ठिपके दुसरी पुसते.
बाकीचं मला नाही समजलं.

आमच्या डब्यातही हेच चालतं रे,
फक्त जागं कुणी नसतं.
उजेड आत शिरतो, कणाकणाला आपटतो,
वाट चुकतो, आणि होते नव्हते ते सगळे रंग घेऊन
आला तसा बाहेर पडतो.
त्याला आपण पांढरा म्हणतो. वीस लिटर, झाकणबंद.

पहाटे कंपनीची बस धुक्यात अडकली.
हेडलाइटचा उजेड दहा हातांवर कापूस होऊन उभा.
शशी म्हणाला, ह्या धुक्याचा होईल का लेसर?
थेंब आहेत, म्हटलं. भटकणंही आहे.
पण सगळे झोपलेले.
बसमध्येही तेच. चाळीस माना, चाळीस दिशांना.

गुलनवाझने वायपर लावला.
मागच्या सीटवर कुणीतरी खोकलं.
मग त्याच्या शेजारचा.
मग खिडकीजवळचे दोघे,
मग सबंध बस.

शशी माझ्याकडे वळून म्हणाला,
उंबरठा.